पूलचं पाणी ताकासारखं झालंय? क्लॅरिफायर टाका, पण जरा थांबून

मे महिन्यात सोसायटीचा पूल एकदा तरी ताकासारखा होतोच. पोरं दिवसभर पाण्यात, अंगाला सनस्क्रीन नाहीतर तेल, त्यात टँकरचं पाणी, की ग्रुपवर सुरू, "काका पूलला काय झालं?" आमच्याकडे हे खातं माझ्या गळ्यात आहे (दुसरं कोणी घेईना), म्हणून मी जे करतो ते सांगतो.

आधी टेस्ट किट काढा. पीएच ७.२ ते ७.६, फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम पाहिजे. बोअरचं जड पाणी असेल आणि पीएच चढला तर त्यातले क्षारच पांढरे होऊन तरंगतात, तिथे पीएच खाली आणल्याशिवाय क्लॅरिफायरच्या (पाणी नितळ करणारं औषध) बाटल्या ओतून उपयोग नाही. पाणी हिरवट असेल तर शेवाळ आहे, त्याला आधी क्लोरीनचा शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस.

मग फिल्टर. गेजवरचं प्रेशर नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वर असेल तर बॅकवॉश मारा, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून घाण बाहेर काढा, फिल्टरच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि नंतर मिनिटभर रिन्स (पाणी सुलट, पण बाहेरच सोडायचं). हे रिन्स सगळे विसरतात आणि उरलेली घाण परत पूलमध्ये.

आता क्लॅरिफायर. सँड फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण धरतो, त्याहून बारीक निसटतात आणि तेच पाणी गढूळ दाखवतात. क्लॅरिफायर त्यांचे गोळे करतो, पकडायचं काम फिल्टरचंच. तुरटीशी गल्लत करू नका, तिने गाळ तळाला बसतो, मग पंप बंद ठेवून थांबा आणि नंतर व्हॅक्यूम करून ते पाणी बाहेर टाका, फार उस्तवार.

डोससाठी लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली. १० बाय ५ मीटर, खोली १.२, म्हणजे ६० घनमीटर, ६०,००० लिटर. बाटलीवर जेवढं लिहिलंय तेवढंच मोजून बादलीभर पाण्यात कालवायचं आणि संध्याकाळी सगळे बाहेर आल्यावर पंप चालू ठेवून कडेकडेने फिरत ओतायचं. मी एकदा घाईत दुप्पट ओतलं, म्हटलं उद्या रविवार, लवकर होईल, तर सकाळी पाणी आणखीनच दुधाळ! जास्त झालं की कण एकत्र यायचे सोडून एकमेकांना ढकलतात. निस्तरायला चार दिवस गेले आणि कोणकोण काय बोललं ते जाऊ दे.

पंप सलग २४ तास तरी चालू पाहिजे, लाइटबिलावरून कुरकूर होईल, होऊ दे. प्रेशर चढायला लागलं तर समजा घाण अडकतेय, परत बॅकवॉश. दोनतीन दिवस लागतातच.

तोवर गेटला कुलूप, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं पोर काठावरून दिसत नाही. तळाची जाळी नीट दिसली की मी खोल बाजूला एक रुपया टाकतो, छापा का काटा ते वरून कळलं की चावी वॉचमनकडे. नाणं काढायला पोरांची मारामारी असते.