फुशिमी इनारीला जाताय? मग हे वाचा

सोसायटीतले दोघंतिघं ठाण्याहून जपानला निघालेत, सारखं विचारतात म्हणून एकदाच टाकते. क्योटोतलं फुशिमी इनारी मंदिर इ.स. 711 चं, तिकीट नाही, रात्रीही उघडं, क्योटोहून नारा लाइनची लोकल पकडा, दुसरं स्टेशन इनारी, समोरच गेट. पहाटेच जा, नंतर गर्दी म्हणजे आपला ठाणे स्टेशनचा सॅटिस पूल! तोरीपाशी (म्हणजे देवळाची कमान) जरा वाकायचं आणि कडेने चालायचं, मधली वाट देवाची. मग पाण्याच्या कुंडापाशी पळीने आधी डावा हात धुवा मग उजवा, मग चूळ, पण पळीला तोंड लावू नका प्लीज. नाणं टाकून दोनदा वाका, दोन टाळ्या, परत एकदा वाका. खाली इनारी-झुशी खा, तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भात, भारी लागते, पण दिसते व्हेज आणि आत बऱ्याचदा माशाचं पाणी असतं, आजीला आधीच सांगा.