पदावनतीचा आदेश हातात पडला, तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, जिथे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवेचे वाद चालतात) जाण्याआधी

आदेश घेताना सहीखाली तारीख घाला. अपिलाची मुदत तिथूनच मोजली जाते.

मग आदेशातला 'संदर्भ' वाचा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ५ चा उल्लेख असेल तर ती शिक्षा. तिच्याआधी नियम ८ प्रमाणे दोषारोपपत्र आणि विभागीय चौकशी हवीच, मोजके अपवाद सोडून. 'प्रशासकीय कारणास्तव' असे लिहिले असेल तर मामला अवघड. तात्पुरत्या पदोन्नतीवरून मूळ पदावर पाठवणे ही एरवी शिक्षा नव्हे. मात्र मूळ पदावरची ज्येष्ठताही घालवली किंवा पुढची बढती रोखली, तर साधा दिसणारा आदेशही शिक्षाच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या धिंग्रा निकालाची (१९५७) ही कसोटी आजही कामी येते.

खालच्या पदावर रुजू व्हा, पण रुजू अहवालात 'हक्क अबाधित राखून' लिहा. घरी बसलात तर अनधिकृत गैरहजेरीचे नवे दोषारोपपत्र आयतेच येते.

शिक्षेविरुद्ध अपील ४५ दिवसांत करा आणि पोच घ्या. अपिलाची सोय असताना ती टाळून थेट मॅटमध्ये गेलात, तर प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चे कलम २० आडवे येते. अपील फेटाळले की एक वर्षात मॅटमध्ये मूळ अर्ज, म्हणजे तिथली याचिका. सहा महिने उत्तरच नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. बहुतेक प्रकरणे बुडतात ती इथे. माणसे स्मरणपत्रे पाठवत राहतात, आणि स्मरणपत्रांनी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. उशीर झालाच तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडा, कारणे तारखांसह.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळाली नसेल तर ती आधी द्यायलाच हवी, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा करुणाकर निकाल (१९९३) वापरा. मात्र नुसते 'प्रत दिली नाही' म्हणून भागत नाही. प्रतीअभावी कोणता बचाव मांडायचा राहिला, ते लिहावे लागते.

ज्येष्ठतेचा वाद असेल तर ज्यांना तुमच्या वर नेले त्यांनाही प्रतिवादी करा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. स्थगिती पहिल्याच तारखेला मागा. जागा भरली गेली की स्थगिती मिळणे कठीण.

जिल्हा परिषद आणि महापालिकेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना खात्यांतर्गत अपिलानंतर उच्च न्यायालय.

पदावनतीसोबत जादा वेतनाची वसुली काढली असेल, तर तिला वेगळे आव्हान द्या. वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांना अशी वसुली रोखणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह निकालाचा (२०१४) आधार मिळतो, पदावनती कायम राहिली तरी.