समुद्राच्या उंचीचा उपग्रही डेटा वापरण्याआधी

जेसन-३ या समुद्राची उंची रडारने मोजणाऱ्या उपग्रहाचा डेटा हाती आला की आमच्याकडची नवी मुलं थेट नकाशा काढायला बसतात. मी त्यांना आधी एकच पास, म्हणजे उपग्रहाच्या अर्ध्या प्रदक्षिणेची नोंद, उघडायला लावते, तोही पक्क्या जीडीआर (अंतिम, तपासलेल्या) फाइलमधला. ती यायला साधारण दोन महिने लागतात, पण तिच्यातली कक्षा भरवशाची असते.

उपग्रह १३३६ किलोमीटरवर आणि आपल्याला हवेत सेंटिमीटर! हवेतून जाताना रडारचा स्पंद रेंगाळतो आणि अंतर जास्त भरतं, म्हणून आधी त्यासाठीच्या दुरुस्त्यांचे आलेख बघा. कोरड्या हवेची दुरुस्ती तब्बल २.३ मीटरची, पण दाबावरून ती चोख निघते. खरी डोकेदुखी बाष्पाची. कोकणाकडे येणाऱ्या पासवर किनाऱ्याआधीच्या तीसेक किलोमीटरांत उपग्रहावरच्या बाष्प मोजणाऱ्या रेडिओमीटरच्या टप्प्यात जमीन येते आणि बाष्पाची रेघ एकदम वाकते. ती वाकली की समुद्राची उंचीही खोटी. तिथे मी मॉडेलचं बाष्प घेते, नाहीतर बिंदू सोडून देते.

एका सेकंदाच्या सरासरीत वीस मोजमापं असतात. त्यांतली दहापेक्षा कमी उरली किंवा त्यांचं प्रमाण विचलन २० सेंटिमीटरवर गेलं, तर बिंदू बाद. पावसाचा फ्लॅग (फाइलमधली इशाऱ्याची खूण) जुलैत विशेष बघा. सरल या भारत-फ्रान्सच्या उपग्रहावरच्या अल्टिका रडारचा का-बँड (जास्त वारंवारतेच्या लहरी) आयनांबरला, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेला, फारसा जुमानत नाही, पण पावसापुढे हात टेकतो. पडलेली भोकं उगाच भरू नका.

मग क्रॉसओव्हर: चढता आणि उतरता पास एकमेकांना छेदतात तिथला फरक. दहा दिवसांच्या आतल्या जोड्या, हजार मीटरहून खोल पाणी आणि शांत प्रदेश घ्या. या फरकांचं विचलन ५ सेंटिमीटरच्या आसपास हवं, सरासरी शून्याजवळ. एखाद्या भागात ती सातत्याने एकाच बाजूला झुकत असेल, तर मला पहिला संशय कक्षेचा येतो.

शेवटी टाइड गेज, म्हणजे धक्क्यावरचं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. मुंबईच्या अपोलो बंदरची नोंद १८७८पासूनची, मोह होतोच. पण तिथे मोठ्या उधाणाची भरती-ओहोटी पाच मीटरच्या घरात. भरतीचं मॉडेल जरा चुकलं की दोष उपग्रहावर येतो. त्यापेक्षा लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयसारखं बेट बरं. उपग्रहाच्या आकड्यातून भरती आणि हवेच्या दाबाचा परिणाम (एक हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर) काढला असेल, तर गेजमधूनही काढा. आणि कित्येक वर्षांचा कल ताडून पाहणार असाल, तर गेजशेजारी जीपीएस आहे का ते विचारा. धक्क्याखालची जमीन खचत असेल, तर गेजला पाणी चढल्यासारखंच दिसतं.