पीटर्लूवर लिहिताय? या चुका टाळा

पीटर्लू म्हणजे १८१९ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरात संसद-सुधारणेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेवर घोडदळाने केलेला हल्ला. त्यावर लिहिताना पहिली गफलत शब्दातच होते. 'रॅडिकल' दिसलं की हात आपोआप 'जहाल' लिहितो. पण मराठी वाचकाला जहाल म्हटलं की टिळक आठवतात, सुरतेचं अधिवेशन आठवतं. मँचेस्टरच्या विणकराचं मागणं निराळं होतं: दरवर्षी संसदेची निवडणूक, प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, तेही गुप्त. त्याला संसद मोडायची नव्हती, तिच्यात शिरायचं होतं. एवढ्या मोठ्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता आणि ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकाडाला दोन होते. 'आमूल सुधारणावादी' लिहा, नाहीतर सरळ 'रॅडिकल' ठेवा.

दुसरी चूक सगळ्यांत जास्त आढळते: "पीटर्लू येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार केला." यातला 'निःशस्त्र' तेवढा बरोबर आहे. गोळीबाराचं चित्र जालियनवाला बागेचं आहे. बरोबर शंभर वर्षांनंतरची ती घटना आपल्या मनात इतकी खोल रुतली आहे की ती नकळत मागे सरकवली जाते. लंडनचं पोलीस दलसुद्धा १८२९ मध्ये उभं राहिलं. १८१९ च्या मँचेस्टरमध्ये होते ते मॅजिस्ट्रेट, थोडे शिपाई, दिमतीला सैन्य आणि योमनरी. हा शेवटचा शब्द गाळू नका, सगळी गोम तिथेच आहे. योमनरी म्हणजे गावातल्याच दुकानदारांचं, गिरणीमालकांच्या घरातल्या तरुणांचं हौशी घोडदळ. समोरच्या गर्दीतली माणसं त्यांच्या ओळखीची होती आणि सभेआधीच त्यांनी तलवारींना धार लावून घेतली होती.

१६ ऑगस्ट १८१९, सोमवार. सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं जमली. आजूबाजूच्या गावांतून लोक शिस्तीत रांगा करून, झेंडे घेऊन आले होते. सभेचा मुख्य वक्ता हेन्री हंट बोलायला उभा राहतो न राहतो तोच शेजारच्या घरातून पाहणाऱ्या मॅजिस्ट्रेटांनी त्याच्या अटकेचा हुकूम काढला. योमनरी गर्दीत घुसली, अडकली आणि तलवारी चालवू लागली. मग तिला सोडवायला आणि मैदान रिकामं करायला पंधरावी हुसार ही घोडदळाची पलटण पाठवली गेली. दंगलीचा कायदा, म्हणजे जमावाला पांगण्याचा अधिकृत इशारा, वाचून दाखवला होता असं मॅजिस्ट्रेट सांगत राहिले, पण मैदानातल्या बहुतेकांच्या कानांवर तो पडलाच नाही. मृतांचा आकडा सहसा १८ धरतात. जखमी सहाशेहून जास्त. जॉन लीस हा ओल्डहॅमचा तरुण वॉटर्लूच्या लढाईतून जिवंत परतला होता, तो इथल्या जखमांनी काही आठवड्यांत गेला. वॉटर्लूला चिमटा काढणारं 'पीटर्लू' हे नाव वाचताना मला त्याचीच आठवण होते.

आता सनावळी. हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद्याला न्यायाधीशापुढे हजर करण्याचा हक्क, पीटर्लूनंतर स्थगित झाला असं लिहिलेलं दिसतं. तो १८१७ मध्येच स्थगित झाला होता आणि १८१८ च्या सुरुवातीला परत आला. पीटर्लूनंतर, १८१९ च्या अखेरीस, सहा कायदे आले: कवायतींना बंदी, शस्त्रांसाठी झडत्या, पन्नासहून अधिक लोकांच्या सभांवर निर्बंध, स्वस्त राजकीय पत्रकांवर चार पेन्सांचा कर वगैरे. मला यातला पत्रकांवरचा कर सगळ्यांत धूर्त वाटतो. वाचायलाच परवडलं नाही तर तुरुंगाची गरजच काय?

हेरांबाबत मात्र दोन्ही टोकं टाळायला हवीत. जून १८१७ मध्ये डर्बीशरच्या पेंट्रिच भागातून काहीशे माणसं रात्री पावसात नॉटिंगहॅमकडे निघाली. सगळा देश उठणार आहे असं त्यांना 'ऑलिव्हर' या सरकारी हेराने भासवलं होतं. काही दिवसांतच 'लीड्स मर्क्युरी'ने त्याचं बिंग फोडलं, तरी जेरेमाया ब्रँड्रेथ, टर्नर आणि लडलम यांना ७ नोव्हेंबरला डर्बीत फाशी झाली. (दोनच दिवस आधी इकडे खडकीची लढाई झाली होती.) यावरून सगळं ऑलिव्हरनेच रचलं असं लिहिणं चूक. त्या भागातल्या मोजे विणणाऱ्यांची उपासमार त्याने आणली नव्हती. आणि हा निव्वळ सशस्त्र कट होता म्हणणंही तितकंच चूक. १८२० च्या केटो स्ट्रीट कटाला हीच कसोटी लावा: मंत्रिमंडळाला मारायचा बेत खरा होता आणि त्याला खतपाणी घालणारा जॉर्ज एडवर्ड्स हा सरकारचाच माणूस होता.

बायका "बघायला आल्या होत्या" असं तर कधीच लिहू नका. मँचेस्टरच्या महिला सुधारणा संघाची अध्यक्ष मेरी फिल्ड्स हंटबरोबर व्यासपीठाकडे गेली होती. जखमींत सुमारे चौथा हिस्सा बायकांचा होता आणि गर्दीतलं त्यांचं प्रमाण त्याहून बरंच कमी होतं.

शेवटची चूक म्हणजे पीटर्लूहून थेट १८३२ च्या, मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा कायद्यावर उडी मारणं. लगेच घडलं ते असं: राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या राजप्रतिनिधीने मॅजिस्ट्रेटांचे आभार मानले आणि हंटला अडीच वर्षं कैद झाली. १८३२ ने मँचेस्टरला दोन खासदार दिले, पण मैदानात तलवारी झेललेल्या बहुतेक कामगारांना मत दिलं नाही. प्रेस्टनचा खासदार झालेल्या हंटने म्हणूनच त्या कायद्याला विरोध केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने संसदेत एक अर्ज मांडला. तो यॉर्कशरच्या एका बाईचा होता आणि ती मत मागत होती.