वडिलांच्या घरातून व्यवसाय? भाडेकरार नको

परदेशातून बेळगाव-निपाणीकडे परतलेलं जोडपं घरूनच काम सुरू करतं. जीएसटी नोंदणीसाठी कुणीतरी हमखास सांगतं, वडिलांशी भाडेकरार करा. गरज नाही. एवढंच जोडा:

१. साध्या कागदावर वडिलांचं संमतीपत्र
२. त्यांचं ओळखपत्र
३. त्यांच्याच नावाचं हेस्कॉमचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती

खरी अडचण तिसऱ्यात. बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आपल्याकडे हे काही नवं नाही. तिकडून निघण्याआधीच वडिलांना नावबदलाचा अर्ज द्यायला सांगा.

सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल, तर नोंदणी सक्तीची नाहीच.

एक लक्षात ठेवा: नोंदणी केली आणि तिकडचे ग्राहक टिकवले, तर पहिल्या बिलाआधी एलयूटी (जीएसटी न भरता परदेशी ग्राहकांना सेवा देण्यासाठीचं हमीपत्र) भरा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, दरवर्षी नवं भरावं लागतं.