दहा बाय दहाच्या खोलीसाठी स्टुडिओ मॉनिटर निवडताना

घरच्या घरी गाणे किंवा वादन ध्वनिमुद्रित करणारी मंडळी स्पीकर घ्यायचे ठरवतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा “किती इंची घेऊ?” असा असतो. त्याआधी मोजपट्टी काढून आपली खोली मोजावी आणि आपण काय ऐकणार आहोत ते ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण मर्यादित पैशात मिळणाऱ्या मॉनिटरांमधला, म्हणजे मुद्रण पारखण्यासाठीच्या स्पीकरांमधला, आपापसातला फरक हा एकच मॉनिटर योग्य आणि अयोग्य जागी ठेवल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा पुष्कळदा लहान असतो.

दिवाणखान्यातले स्पीकर ऐकणाऱ्याला गोड वाटावे म्हणून बहुधा खालचे आणि वरचे स्वर थोडे फुगवून देतात. अशा स्पीकरवर डग्ग्याचा घुमारा भरपूर वाटतो, म्हणून आपण तो कमी करतो, आणि तेच मुद्रण दुसरीकडे वाजवले की डग्गा हरवलेला असतो. मॉनिटरचे काम आहे तसे ऐकवण्याचे आहे. त्यासाठी तो महागच असावा लागतो असे नाही. यामाहाचा पांढऱ्या वूफरचा (खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या पडद्याचा) एनएस-10 हा 1978 साली घरगुती वापरासाठी म्हणून आलेला स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. त्याचा खालचा आवाज मुळात तोकडाच होता, तरी त्याची सवय झालेल्या माणसांनी त्यावर उत्तम कामे केली.

आता आकाराचा, म्हणजे वूफर किती इंची असावा हा प्रश्न. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या कंपनांचा) असतो आणि त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ नाद त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास येतो. प्रिसोनस एरिस ई 3.5 सारखा साडेतीन इंची वूफरचा मॉनिटर 80 हर्ट्झपर्यंतच उतरत असल्याने बोललेला मजकूर, बासरी किंवा स्त्रीस्वर यांना तो पुरतो, मात्र खर्जाचा मूळ नाद त्यावर नीट पारखता येत नाही. पाच इंची वूफर हा शास्त्रीय गायन, हार्मोनियम, तबला आणि बहुतेक सुगम संगीतासाठी योग्य मध्य आहे. आठ इंची मॉनिटर दहा फुटी खोलीत आणू नयेत, कारण ते खालचे जे स्वर अधिक देतात, त्यांनाच अशी खोली सर्वांत जास्त बिघडवते.

पत्रकावरचे आकडे वाचताना आकड्यापुढची अट आवर्जून पाहावी. यामाहाचा एचएस 5 हा 54 हर्ट्झपर्यंत उतरतो असे छापलेले असते. पण तो आकडा आवाज 10 डेसिबलने खाली गेल्यानंतरचा आहे, आणि 3 डेसिबलची कडक अट लावली की तोच मॉनिटर 74 हर्ट्झवर थांबतो. जेबीएलचा 305पी मार्क टू 10 डेसिबलच्या अटीवर 43 हर्ट्झपर्यंत जातो. दोन कंपन्यांचे आकडे एकाच अटीवर असतील तरच त्यांची तुलना करावी. वॉटच्या आकड्याकडे मात्र फारसे लक्ष देण्याचे कारण नाही. तीन-साडेतीन फुटांवर बसून ऐकायचे असते, आणि निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची कायदेशीर मर्यादाही असते.

खोलीकडे वळू. दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट असलेल्या 113 हर्ट्झला नाद साठतो, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्याने तो दोन्ही दिशांनी एकाच ठिकाणी साठतो. ही गोष्ट कोणत्याही स्पीकरने बदलत नाही. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नये. समोरच्या भिंतीपासून साधारण चार फुटांवर डोके येईल असे बसावे.

दुसरी गोष्ट मी चुकून शिकलो. माझे टेबल खिडकीमुळे पुढे ओढलेले होते आणि मॉनिटरचा दर्शनी भाग त्याच्या मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर येत होता. काळी एकमध्ये गाणाऱ्या एका मित्राचे मुद्रण ऐकताना त्याचा षड्ज मला सतत पोकळ वाटे, म्हणून मी तो इक्वलायझरने (निवडक स्वरपट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरत गेलो. गाडीत तेच मुद्रण लावले, तेव्हा तो षड्जावर आला की दाराचे पत्रे थरथरत होते. खालचे स्वर स्पीकरच्या मागेही पसरतात. ते दोन फूट जाऊन दोन फूट परत येतात, आणि हे चार फूट म्हणजे 140 हर्ट्झच्या आठ फुटी लहरीची बरोबर अर्धी लांबी असल्याने परत आलेला नाद मूळ नादाला खोडून काढतो. षड्ज गळ्यात होता, मुद्रणातही होता, फक्त माझ्या खुर्चीपर्यंत पोहोचत नव्हता. टेबल मागे सरकवून ते अंतर सव्वा फुटावर आणल्यावर ही खोडाखोड 225 हर्ट्झच्या आसपास गेली. तेथे स्पीकरच्या मागे उभी केलेली कापसाची जाड गादी किंवा रॉकवूलची (दगडी तंतूंची) पाटी बऱ्यापैकी उपयोगी पडते. 140 हर्ट्झला तिचा उपयोग जवळजवळ होत नाही.

त्यामुळे छोट्या खोलीसाठी भिंतीजवळ ठेवता येणारा मॉनिटर निवडावा. ज्याचे पोर्ट (खालचा आवाज बाहेर सोडणारे भोक) पुढे आहे असा मॉनिटर, उदाहरणार्थ केआरकेची रॉकिट मालिका, येथे सोयीचा ठरतो; पोर्ट मागे असल्यास मागे निदान अर्धा फूट मोकळा ठेवावा. भिंतीजवळ खालचा आवाज वाढतो, म्हणून तो कमी करण्याचे बटण मागील बाजूस आहे का ते पाहावे. एचएस 5 वर 2 किंवा 4 डेसिबलने कपात करता येते.

दुकानात ऐकायला जाताना स्वतःचे, उपकरणांची करामत न केलेले मुद्रण न्यावे आणि दोन जोड्यांचा आवाज सारखा करूनच तुलना करावी, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. लिहिलेली किंमत एका नगाची आहे की जोडीची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकूण रकमेतला तिसरा हिस्सा स्टँड, बॅलन्स्ड (बाहेरची खरखर कमी पकडणारी) केबल आणि गादी-पाट्यांसाठी बाजूला ठेवावा. घुं असा आवाज येऊ लागला, तर प्रथम घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

मांडणी झाली की ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर आणून दोन्ही मॉनिटर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण साधावा. मग टोन जनरेटरच्या ॲपवर 69 ते 277 हर्ट्झमधला एकेक स्वर त्याच पातळीवर वाजवून, प्रत्येक स्वर सारखा ऐकू येतो का ते कागदावर टिपावे. एखादा स्वर गायब झाला, तर इक्वलायझरला हात न लावता आधी मॉनिटर सहा इंच सरकवावेत, नंतर खुर्ची, आणि तोच स्वर पुन्हा वाजवून पाहावा.