मध्ययुगीन स्पेन-पोर्तुगालमधल्या पात्रांना नावं कशी द्यायची: आधी बाप ठरवा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगीच नाही, विष्णुदास भावेंनी १८४३ ला इथंच मराठी नाटक उभं केलं आणि आजही इथल्या पोरापोरींच्या एकांकिका जोरात असतात, त्यात आता कुणी पोर्तुगालच्या जुन्या काळात शिरतंय, कुणी स्पेनमधल्या राजांवर लिहितंय, फार भारी वाटतं बघायला. फक्त पात्रांची नावं आली की गाडी अडते. नेटवरून एक नाव आणि एक आडनाव उचलायचं आणि जोडायचं, असं चाललेलं असतं. ११०० सालच्या माणसाला ते चालत नाही, कारण तेव्हा रोद्रिगेझ हे आडनाव नव्हतं, ते बापाचं नाव होतं.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. आपल्याकडं कसं, स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, तिकडंही जवळपास तसंच होतं. बापाच्या नावाला कास्टीलमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या तेव्हाच्या एका राज्यात, शेवटी 'एझ' लागायचं. बाप रोद्रिगो तर पोरगा रोद्रिगेझ, बाप फर्नांदो तर फर्नांदेझ, गोन्सालोचा गोन्सालेझ, सांचोचा सांचेझ, लोपेचा लोपेझ, मार्तीनचा मार्तीनेझ. काही जरा वाकडी आहेत ती पाठच करा, पेद्रोचा पेरेझ (कारण तेव्हा बोलताना पेरो म्हणायचे) आणि दिएगोचा दियाझ. पोर्तुगालमध्ये हेच पुढं 'एस' झालं, फर्नांदेस, गोंसाल्वेस, मेंदेस, नुनेस, आणि पेद्रोचा पिरेस. आपल्या गोव्या-वसईकडची फर्नांडिस, मेंडिस, डायस ही आडनावं म्हणजे मुळात कुणाच्या तरी बापाचीच नावं.

म्हणून पात्राचं नाव ठरवायला बसलात की पात्रापासून सुरू करू नका, आज्यापासून करा. कागदावर आजा, बाप, पोरगा अशी तीन माणसं लिहा, मग मधलं नाव आपोआप पडतं आणि चुकत नाही. राजघराण्यात तर हे फार सुंदर दिसतं, उत्तर स्पेनमधल्या पांप्लोनाच्या म्हणजे पुढच्या नवार्राच्या गादीवर सांचो गार्सेस, त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ, त्याचा मुलगा परत सांचो गार्सेस, परत गार्सिया सांचेझ, असं दहाव्या शतकात सुरू झालेलं चक्र १०३५ ला वारलेल्या तिसऱ्या सांचोपर्यंत चाललं. आज्याचं नाव नातवाला, बस. यातलं गार्सेस म्हणजे गार्सियाचा पोरगा. कास्टीलमध्ये मात्र पुष्कळदा गार्सिया तसंच ठेवून द्यायचे, शेपूट न लावता.

आता बायकांची नावं, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडं लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं, तिकडं तसं नव्हतं, बाई मरेपर्यंत आपल्या बापाचीच राहायची. एल सिद म्हणून जो प्रसिद्ध योद्धा, त्याचं घर बघा. त्याचं नाव रोद्रिगो दियाझ, कारण बाप दिएगो लाईनेझ. बायको हिमेना दियाझ. बघणाऱ्याला वाटतं नवऱ्याचं आडनाव घेतलं, पण नाही, तिचा बापही दिएगोच होता, वेगळा दिएगो, म्हणून ती दियाझ. पोरं मात्र दोघांपैकी कुणासारखी दियाझ नाहीत, ती रोद्रिगोची, म्हणून दिएगो रोद्रिगेझ, क्रिस्तिना रोद्रिगेझ, मारिया रोद्रिगेझ. म्हणजे एका छपराखाली नवराबायको दियाझ आणि पोरं रोद्रिगेझ. क्रिस्तिनाचं लग्न रामिरो सांचेझशी झालं आणि त्यांचा मुलगा गार्सिया रामिरेझ ११३४ ला नवार्राचा राजा झाला, इथं परत मधलं नाव बदललं. आणि मुलीसाठी शेपूट वेगळं नसतं, रोद्रिगेझ दोघांनाही चालतं, उगाच शेवटी 'आ' लावून बाईचं रूप करू नका. बायकांसाठी त्या काळातली खरी नावं हवी असतील तर उर्राका, एल्विरा, तेरेसा, सांचा, मेन्सिया, तोदा घ्या. उर्राका नाव ऐकायला कसंतरी वाटतं म्हणून टाळू नका, ११०९ ते ११२६ लेओन-कास्टीलवर राज्य करणाऱ्या राणीचं ते नाव आहे.

तिसरा भाग गावाचा. सिदच्या नावापुढं 'दे विवार' येतं, विवार हे बुर्गोसजवळचं गाव. फलटणचे निंबाळकर जसे निंबळक गावावरनं, तसंच ते. पण प्रत्येकाला गाव लावायची गरज नाही, साध्या शेतकऱ्याला नाव आणि बापाचं नाव पुरतं. बास्क पात्र, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांपैकी कुणी, असेल तर गावाकडं किंवा घराण्याच्या वाड्याकडं जास्त लक्ष द्या, तिकडं घराच्या नावावरनं माणूस ओळखायचे. बास्क पुरुषाला इनिगो, हिमेनो, ओचोआ अशी नावं शोभतात.

काळ नीट बघा, हे महत्त्वाचं. वरचा नियम बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत बिनधास्त लावा. नंतर नंतर ही मधली नावं गोठायला लागली. पेरो लोपेझ दे आयाला (१३३२–१४०७) याचा बाप लोपे नव्हता, फर्नान होता. १४९१ ला जन्मलेला लोयोलाचा इनिगो लोपेझ, म्हणजे पुढचे संत इग्नेशियस, त्यांचे वडील बेल्त्रान. पूर्वजाचं अख्खं नावच उचलून पोराला द्यायचे. पोर्तुगालमध्ये मात्र चौदाव्या शतकातही जुनी साखळी सापडते, गोंसालो पेरेरा, त्याचा मुलगा आल्वारो गोंसाल्वेस पेरेरा आणि त्याचा नुनो आल्वारेस पेरेरा (१३६०–१४३१). बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं कायम जोडायची पद्धत फार पुढची, ती मध्ययुगात घालू नका.

संवादात मानानं हाक मारताना पुरुषाला 'डॉन' आणि बाईला 'दोन्या', हे पहिल्या नावाला लागतं. डॉन रोद्रिगो, दोन्या हिमेना बरोबर, नुसतं डॉन दियाझ चूक.

शेवटचं उच्चाराचं, कारण रंगमंचावर ते ऐकू जातं. आजचे स्पॅनिश लोक हिमेना म्हणतात, तेव्हा शिमेना म्हणायचे. आणि शब्दाच्या शेवटचा 'झ' तेव्हा आपल्या 'चमचा'मधल्या च सारखा निघायचा. इंग्रजीतनं शिकणाऱ्याला हा आवाज जड जातो, आपल्या पोरांच्या तोंडात तो लहानपणापासून आहे, तर तालमीत वापरा.

एक घर करून देतो, ११५० च्या आसपासचं पोर्तुगाल. आजा मेंदो. बाप सोएइरो मेंदेस. पोरगा पायो सोआरेस, बहीण तेरेसा सोआरेस. तेरेसाचा नवरा गोंसालो पिरेस, त्यांची पोरं गोंसाल्वेस, आणि पायोची पोरं पाईस. मामा पायो सोआरेस आणि भाचा मेंदो गोंसाल्वेस एकाच प्रवेशात समोरासमोर आले की कोण कुणाचा ते नावावरनंच कळतं.